ताटाभोवतीचा शरद

मराठी घरात जेवणाच्या सजावटीचा खरा मोसम आश्विनात सुरू होतो. सर्वपित्री अमावास्या उलटली की घट बसतात, आणि तिथून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत दसरा, कोजागरी, दिवाळी, आवळीभोजन, तुळशीचे लग्न अशी एकत्र जेवायला बसण्याची निमित्ते येत राहतात. हवाही याच सुमारास साथ देते. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची हवामान खात्याने धरलेली सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. पावसाने हवेतली धूळ धुऊन नेलेली असते, ऊन तिरपे आणि लख्ख पडते, ओसरी कोरडी झालेली असते. चार महिने ओल धरलेल्या जमिनीवर रांगोळी फिसकटते आणि चिकटते. शरदात ती पांढरीशुभ्र उठते. सजावटीला लागणारे बाकीचे सामानही याच दिवसांत शेतातून आणि परसातून घरात येते.

युरोप-अमेरिकेतल्या शरदाची खूण म्हणजे पानगळ. दिवस आखडून थंडी वाढू लागली की तिथल्या झाडांच्या पानांतले हरितद्रव्य मोडते आणि त्याखाली दडलेला पिवळा रंग वर येतो. मेपलसारख्या झाडांत लाल रंग त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. म्हणून तिथल्या जेवणाच्या टेबलावर तांबूस पाने आणि भोपळे मांडतात आणि ते शोभतात, कारण खिडकीबाहेरही तेच असते. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना आश्विनात असे काही घडत नाही. इथली पानगळ शिशिरातली. पळस निष्पर्ण होतो तो माघ-फाल्गुनाच्या सुमाराला. शरदात रान अजून हिरवेगार असते आणि पिवळे पडते ते शेत. बाजारात हल्ली मिळणारी प्लास्टिकची लालकेशरी पाने मराठी टेबलावर उपरी दिसतात, ती यामुळेच.

शेताचा हा पिवळा रंग घरात आणण्याची रीत कोकणात अजून टिकून आहे. हळवा भात दसऱ्याच्या आगेमागे कापणीला येतो. त्याच्या लोंब्या, नाचणीचे कणीस, आंब्याचे पान, झेंडू आणि बांधावर आपोआप उगवणारा कुर्डूचा गुलाबी-पांढरा तुरा यांची जुडी करून ती दारावर लावतात. याला नवे बांधणे म्हणतात. आश्विनी पौर्णिमेला त्या बाजूला नवान्न पौर्णिमा म्हणतात आणि नव्या तांदळाचा भात त्या दिवशी देवाला दाखवून मग घरातली माणसे जेवतात. लोंबी आणि कुर्डू ही जोडी सजावटीच्या दृष्टीने फार गुणी आहे. दोन्ही वाळली तरी आकार सोडत नाहीत, पाणी मागत नाहीत आणि त्यांना जेवणावर चढेल असा वास नाही. पितळी तांब्यात लोंब्यांची एक जुडी उभी केली की शरदाचे काम जवळजवळ झालेले असते.

फुलांच्या बाबतीत मात्र तारतम्य लागते. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आलेला. पण आता त्याच्यावाचून दसरा होत नाही. त्याचा रंग उत्सवाचा, वास मात्र उग्र. त्यामुळे त्याची जागा दाराच्या तोरणात आणि उंबऱ्यावर. ताटाजवळ तो पाकळ्या मोकळ्या करून थोडाच वापरावा. निशिगंध आणि सोनचाफा यांचा वास गोड असला तरी तो मसालेभाताच्या वासाशी भांडतो. ती फुले देवघरात किंवा बैठकीच्या खोलीत ठेवलेली बरी. प्राजक्त पहाटे गळतो आणि दुपारच्या जेवणापर्यंत मलूल होतो. दिवाळीच्या पहाटेच्या फराळाला तो साजतो, दुपारच्या पंगतीला नाही. जेवणाच्या जागेसाठी या ऋतूतले सर्वांत सोयीचे फूल शेवंती. वास सौम्य, रंग पांढरा-पिवळा, आणि पाण्यात ठेवली तर दोन-तीन दिवस तशीच राहते.

पानांमध्ये केळीचे पान पहिले. पावसाळाभर पाणी प्यालेली केळ शरदात लांबरुंद, कोवळ्या पोपटी रंगाची पाने देते. जसजसा वारा कोरडा होत जातो तसतशी ती शिरेपर्यंत फाटू लागतात, म्हणून अखंड पान निवडायला हा ऋतू चांगला. पान धुऊन, पुसून, निमुळते टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येईल असे ठेवतात. रुंद भाग त्यामुळे उजव्या हाताला येतो, जिथे भाजी-आमटीला जास्त जागा लागते. जिथे केळ कमी, तिथे पळसाच्या पानांची चोयांनी टाचलेली पत्रावळ आणि द्रोण. पत्रावळीचा रंग मातकट असला तरी त्यावर पांढराशुभ्र भात आणि पिवळे वरण जितके उठून दिसते तितके चिनी मातीच्या ताटलीतही दिसत नाही.

भांड्यांची तयारी दसऱ्याच्या आधीपासून सुरू व्हायची. तांब्यापितळेची भांडी चिंचेने, कोकणात आमसुलांच्या पाण्याने घासून लख्ख करायची. आतल्या बाजूला कल्हई करून घ्यायची. कल्हईवाला भट्टी पेटवून भांडे तापवी, नवसागर टाकून ते स्वच्छ करी आणि कथलाचा पातळ थर फिरवी. दिसण्याबरोबर त्यात जिवाची काळजीही होती, कारण आंबट पदार्थाने तांबे-पितळ कळकते आणि अन्न बाधते. चांदीचे ताट, वाट्या आणि फुलपात्रे रिठ्याच्या पाण्याने आणि बारीक रांगोळीने उजळत. या भांड्यांचे तेज हा सजावटीचा मोठाच भाग आहे. समईची ज्योत ज्या ताटात उमटते, त्याच्याभोवती आणखी फारसे काही करावे लागत नाही.

पंगतीची मांडणी पाहिली की मराठी सजावटीचा विचार स्पष्ट होतो. आधी जमीन सारवलेली किंवा पुसलेली. मग ओळीने पाट, प्रत्येक पाटासमोर पान, पानाच्या डाव्या अंगाला तांब्या-भांडे, म्हणजे उजवा हात खरकटा झाला तरी पाणी घेता यावे. दोन ओळींच्या मध्ये वाढणाऱ्यांना चालायला जागा. पाटपाणी झाले की रांगोळी. ती चिमटीतून सोडलेली, प्रत्येक पानाभोवती वेगळी: कुठे वेल, कुठे कमळाच्या पाकळ्या, कुठे नुसते कंगोरे. पानाच्या वरच्या अंगाला कमानीसारखी चढत जाणारी नक्षी ती महिरप. घाई असेल तेव्हा भोके पाडलेले रांगोळीचे नळकांडे फिरवून सरळ पट्टा काढतात. वर हळदकुंकवाची चिमूट, आणि दोन-तीन पाने सोडून एकेक उदबत्तीचे घर.

या सगळ्यात मध्यभाग म्हणून काही नाही. सगळ्यांनी मिळून पाहावा असा फुलांचा गुच्छ नाही, शोभेची एकच भली मोठी वस्तू नाही. जी शोभा आहे ती प्रत्येक जेवणाऱ्याच्या जागेची आहे. पंधरा माणसे असतील तर पंधरा महिरपी. पाहुणा पाटावर बसण्याआधीच त्याच्यासाठी कोणीतरी गुडघे टेकून, वाकून वेळ दिलेला असतो आणि तो त्याला डोळ्यांसमोर दिसतो. मराठी पंगतीची ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे. जमिनीवर बसलेल्या माणसाची नजर खाली, आपल्या पानावर असते, म्हणून सजावटही जमिनीला धरून, सपाट. ही कला जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा १२व्या शतकातला ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ चित्रांच्या प्रकारांत धूलिचित्राची नोंद करतो, आणि त्याच ग्रंथात अन्नभोगाचा स्वतंत्र भाग आहे.

रांगोळीच्या आतली सजावट म्हणजे वाढलेले पान. पहिल्यांदा वरच्या मध्यावर मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचे, कोशिंबीर. उजवीकडे सुकी भाजी, अळूची पातळ भाजी, उसळ. मध्ये भाताची मूद, तिच्यावर पिवळे वरण आणि तुपाची धार. पापड-कुरडई डावीकडे, गोड पदार्थ उजवीकडे वाटीत. या मांडणीमागे चवीचे गणित आहे: तोंडी लावायचे, बोटभर घ्यायचे ते डावीकडे, पोट भरायचे ते उजव्या हाताशी. डोळ्यांसाठीही तेवढाच विचार आहे. खोबरे-कोथिंबिरीची हिरवी चटणी, दह्यातली काकडी, भोपळ्याचे केशरी भरीत, लिंबाचा पिवळा तुकडा हे सगळे जवळजवळ, पण एकमेकांत न मिसळलेले. वाढणाऱ्याचा हात सराईत असेल तर ओळीतली सगळी पाने एकसारखी दिसतात. चटणी पसरली किंवा आमटीचा ओघळ भातापर्यंत गेला तर बाहेरची रांगोळी कितीही रेखीव असो, पान बिघडते. म्हणून वाढणे ही सजावटीची शेवटची आणि सर्वांत अवघड पायरी मानली पाहिजे.

या सौंदर्याची एक बाजू दुखरी आहे आणि ती झाकून पंगतीचे गुणगान करता येत नाही. कोणाची पंगत कुठे, कोणाला कोणाच्या ओळीत बसता येणार नाही, हे जात ठरवत असे. रांगोळी काढणाऱ्या आणि वाढणाऱ्या बायका सगळ्यांची जेवणे उरकल्यावर, बहुधा रांगोळी फिसकटून गेल्यावर जेवत. हे मोडायला माणसांना झगडावे लागले. मुंबईत १८४९ मध्ये सुरू झालेल्या परमहंस सभेचे सभासद ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खात, पण गुप्तपणे. १८९० च्या ऑक्टोबरात, म्हणजे याच शरदात, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक होते. पुढे नावे छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्तांवरून वर्षभराहून अधिक काळ वाद पेटत राहिला. ज्या समाजात एका कप चहावरून एवढे घडले, त्याच्या घराघरांत पुढे जेवणाचे टेबल आले. एकाच टेबलाभोवती घरातल्या बायकापुरुषांनी आणि बाहेरच्या कोणीही बसावे, हे त्या टेबलाने साधे आणि रोजचे करून टाकले. रांगोळीला जागा उरली नाही ही तक्रार त्यापुढे लहान आहे.

रांगोळीला जागा मात्र करता येते. पाट जमिनीपासून जेमतेम दोन-तीन इंच उंच. टेबल अडीच फूट. खुर्चीवरच्या माणसाची नजर पानावरून उठून समोरच्याच्या चेहऱ्याकडे जाते, आणि बोलणे हेच अशा बैठकीचे सुख असल्यामुळे मधली कोणतीही वस्तू वीतभरापेक्षा उंच नसावी. टेबल तीन फूट रुंद धरले, समोरासमोर फूटभर व्यासाची दोन ताटे ठेवली, तर मध्ये फूटभराचा पट्टा उरतो. मराठी जेवणात तो पट्टा पातेली, वाट्या आणि पोळ्यांचा डबा पटकावतात आणि फुले कोपऱ्यात ढकलली जातात. यावर उपाय जुनाच आहे: पातेली बाजूच्या ओट्यावर किंवा छोट्या टेबलावर ठेवावीत आणि घरातल्या एकदोघांनी आळीपाळीने उठून वाढावे. आग्रहाने वाढणे जिथे उरते, तिथे पंगतीतले बरेचसे उरते.

मोकळ्या झालेल्या मधल्या पट्ट्यावर शरद मांडावा. तांब्याच्या उथळ भांड्यात पाणी आणि त्यावर शेवंती. नाहीतर आडव्या ठेवलेल्या लोंब्या आणि मधूनमधून पणत्या. खाली कापड हवे असेल तर खणाची अरुंद पट्टी पुरते. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डची ही विणाई चोळीसाठी मराठी घरांत पिढ्यान्पिढ्या येत राहिली आणि तिचे काठ टेबलावर फार देखणे दिसतात. पूर्ण टेबल खणाने झाकणे मात्र टाळावे. हळदीचा आणि तेलाचा डाग त्यावरून निघत नाही.

महिरपीचा प्रश्न पंख्यापाशी अडतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखा बंद ठेवता येत नाही आणि पंख्याखाली सुटी रांगोळी टिकत नाही; शिवाय दगडाची भुकटी अन्नात उडणे चांगले नाही. मोत्यांच्या, लोकरीच्या, क्रोशाच्या तयार महिरपी घरोघर आल्या त्या या अडचणीतून. त्यांतल्या हाताने ओवलेल्या महिरपींना स्वतःचे रूप आहे आणि त्या वर्षानुवर्षे वापरता येतात. आणखी सोपा मार्ग पाकळ्यांचा. शेवंतीच्या पाकळ्या किंचित ओल्या करून ताटाच्या वरच्या अंगाला कमानीत लावल्या की त्या उडत नाहीत. उदबत्तीचे काय? उघड्या ओसरीवर ती माश्या दूर ठेवी आणि तिचा धूर वाऱ्याबरोबर निघून जाई. फ्लॅटच्या बंद खोलीत तोच धूर तुपाचा आणि वेलदोड्याचा वास मारून टाकतो. ती पाहुणे येण्याआधी लावून विझू द्यावी.

प्रत्येक सणाची मांडणी अर्थातच वेगळी. नवरात्रात पश्चिम महाराष्ट्रात घटावर फुलोरा बांधतात: कडाकण्या, तळलेली वेणी, फणी, करंज्या दोऱ्यात ओवून टांगलेल्या. खाण्याच्या वस्तूचीच इथे सजावट होते आणि नंतर ती प्रसाद म्हणून वाटली जाते. भोंडल्याला पाट मध्ये येतो, त्यावर रांगोळीने किंवा धान्याने हत्ती काढतात आणि मुली भोवती फेर धरतात. खिरापत मात्र झाकलेल्या डब्यात, कारण ती ओळखायची असते. दसऱ्याच्या ताटाला श्रीखंडाचा केशरी-पिवळा रंग पुरेसा आहे; बाजूला आपट्याचे एक पान ठेवले की झाले.

कोजागरीला सजावट कमी करावी लागते. गच्चीवर सतरंजी, तिच्यावर पांढरी चादर, दिवे मालवलेले. आटीव दुधात केशर-वेलदोडा आणि दुधावर पडलेले चांदणे. चांदीच्या किंवा साध्या स्टीलच्या पेल्यात ते चांदणे दिसते, कागदी कपात दिसत नाही, म्हणून या एका रात्री तरी पेले धुण्याचे कष्ट घ्यावेत. रंगीत बल्बांच्या माळा लावलेली गच्ची कोजागरीची राहत नाही.

दिवाळीच्या पहाटेची मांडणी याउलट भरगच्च. अभ्यंगस्नान झालेली, उटण्याचा वास अंगाला असलेली माणसे पणत्यांच्या उजेडात एकत्र बसतात. चकलीचा खरपूस तपकिरी, चिवड्याचा पिवळा, करंजीचा पांढरट, बेसनाच्या लाडवाचा सोनेरी, अनारशावरची खसखस: फराळाचे रंग जवळजवळ सगळे एकाच मातकट-सोनेरी छटेतले असतात. म्हणून ते हिरव्या केळीच्या पानावर किंवा पांढऱ्या ताटलीत खुलतात, रंगीबेरंगी प्लास्टिकच्या खणांच्या डब्यात मावळतात. दक्षिण कोकणात आणि गोव्यात या सकाळचा मान पोह्यांचा. नव्या भाताचे पोहे कांडून त्यांचे नाना प्रकार होतात. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, बटाट्याचे, गूळखोबऱ्याचे असे फोव गोव्यात पानावर लहानलहान वाढींत मांडतात आणि सोबत आंबाड्याचे सासव असते. दारावर बांधलेली लोंबी आणि पानावरचे पोहे एकाच शेतातले. याहून नेटकी शरदाची मांडणी सापडणे कठीण. भाऊबीजेला पुन्हा पाट येतो. घरात टेबल असले तरी ओवाळण्यापुरता भाऊ पाटावर बसतो आणि पाटाभोवती रांगोळी असते.

परदेशातल्या मराठी माणसांची दिवाळी बहुधा शनिवार-रविवारी, भाड्याच्या सभागृहात होते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे, आणि नंतर अमेरिका-कॅनडातल्या गावोगावी मंडळे झाली. तिथे बाहेर खरोखरच पाने लाल होऊन गळत असतात. तिथल्या मराठी टेबलावर चकलीच्या ताटाशेजारी मेपलचे पान ठेवले तर त्यात परके काही नाही. ज्या भूमीवर माणूस राहतो तिचा ऋतू त्याच्या जेवणात यावा, ही तर नवे बांधण्यामागचीच भावना.

कार्तिकात सजावटीचा भर ओसरतो. तुळशीच्या लग्नाला ऊस, आवळा, चिंच तुळशीपाशी जातात. आवळीभोजनाला माणसे डबे आणि पत्रावळी घेऊन आवळ्याच्या झाडाखाली जेवतात. तिथे झाडाची बारीक सावली आणि फांदीवरचे हिरवट आवळे एवढेच पुरते. जेवणे झाली की केळीची पाने गाईगुरांपुढे टाकतात, शहरात ती खताच्या खड्ड्यात जावीत. फुलेही तिथेच. लोंब्यांचे दाणे चिमण्यांसाठी दारावर तसेच राहू द्यावेत. खणाची पट्टी सावलीत वाळवून, मोत्यांच्या महिरपी सुती कापडात गुंडाळून, चांदी पुसून कोरडी करून ठेवावी, म्हणजे पुढच्या आश्विनात ती कमी काळवंडलेली निघते.